नमुन्याचा चौकोन खरा होता, बाकी गाडी खोटी

पाण्याची नळी जोडायला मी गाडीच्या बाजूला वाकले आणि उठले, तर निळ्या सदऱ्याच्या बाहीवर खांद्यापासून कोपरापर्यंत पांढरं फासलेलं होतं. फळ्यावरचा खडू लागावा तसं. हात फिरवला, तळवाही पांढरा. याच मोटरहोमला, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या आमच्या गाडीला, दहा आठवड्यांपूर्वी आम्ही ‘पाच वर्षं टिकणारं सिरॅमिक कोटिंग’ (चमक टिकवणारा कडक, पारदर्शक थर) करून घेतलं होतं आणि पूर्ण पैसे मोजले होते.

आमचं मोटरहोम सात मीटर लांब, चौदा वर्षं जुनं. बाहेरचं अंग फायबरचं आणि त्यावर जेलकोट. जेलकोट म्हणजे कारसारखा रंग नव्हे, तो रंग मिसळलेल्या रेझिनचा (घट्ट होणाऱ्या प्लास्टिकसारख्या द्रवाचा) थर असतो, साधारण अर्धा मिलिमीटर जाड. वर्षानुवर्षं ऊन लागून वरचं रेझिन मरतं आणि त्याची भुकटी होते. गाडी कितीही धुवा, ओली असेपर्यंत छान दिसते, वाळली की पुन्हा पांढुरकी. हा मेलेला थर कंपाऊंड (खरखरीत घासायची पेस्ट) लावून, मशीनने घासून काढावा लागतो. मग बारीक पॉलिश, मग त्यावर वॅक्स किंवा कोटिंग. यातली पहिली पायरी गाळली तर पुढचं सगळं भुकटीवर बसतं. हे मला आज पाठ आहे, तेव्हा अर्धवट माहीत होतं. अर्धवट माहितीवरच तो माणूस खेळला.

गाडी उभी असते तिथे तो स्वतःहून आला. बोलणं मऊ, कपडे स्वच्छ, गाडीत दोन मशीन आणि बाटल्यांचा खोका. मागच्या चाकाच्या वर त्याने चिकटपट्टीने एक चौकोन आखला, प्रत्येक बाजू अर्धा मीटर. ‘ताई, तुम्ही फक्त बघा,’ म्हणाला आणि वीस मिनिटं मन लावून काम केलं. आधी जाड कंपाऊंड, मग बारीक, मग फडक्याने पुसलं. पट्टी ओढून काढली तेव्हा मी अक्षरशः गप्प झाले. आत माझा चेहरा दिसत होता, बाहेर नुसता धुरकट पांढरा पत्रा. ‘गाडी म्हातारी झालेली नाही ताई, नुसती झोपलीय,’ तो म्हणाला. नवऱ्याने आणि मी एकमेकांकडे पाहिलं आणि तिथेच हो म्हटलं.

त्या चौकोनात काहीही खोटं नव्हतं, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. काम अस्सल होतं, हातही चांगला होता. म्हणून तर आम्ही फसलो. आम्हाला वाटलं, जे इथे दिसतंय तेच सगळीकडे होणार.

तेव्हाच साधा गुणाकार करायला हवा होता. एका बाजूची भिंत साधारण सात मीटर बाय दोन मीटर, म्हणजे चौदा चौरस मीटर. दोन बाजूंचे अठ्ठावीस. पुढचा उतार आणि मागची भिंत धरून चाळीसच्या घरात जातं. त्याचा चौकोन पाव चौरस मीटरचा. म्हणजे असे 160 चौकोन, प्रत्येकी वीस मिनिटं: त्रेपन्न तास. मोठ्या भागावर हात भराभर चालतो म्हणून निम्मे धरा, तरी सव्वीस तास. त्याने अख्खी गाडी चार तासांत ‘पूर्ण’ केली.

ते चार तास आम्ही तिथे नव्हतो. ‘या केमिकलचा वास डोक्यात जातो, तुम्ही बाहेर फिरून या,’ असं काळजीच्या सुरात त्याने सांगितलं आणि आम्ही गेलो. परत आलो तेव्हा सूर्य मावळायला आला होता. तिरप्या, पिवळ्या उजेडात कुठलीही ओलसर वस्तू चमकते, आमची गाडी तर लखलखत होती. त्याने मग भरभरून पाणी बाजूवर फेकलं. थेंब मोत्यासारखे गोळा होऊन घरंगळले. ‘हे बघा सिरॅमिक!’ आम्ही पैसे दिले. रोख. पावती मागितली तेव्हा त्याने हमीचं छापील कार्ड दिलं. त्यावर ‘5 वर्षे’ एवढंच ठळक होतं. कोणतं कोटिंग वापरलं त्याचं नाव नाही, तारीख नाही, सही नाही.

थेंब घरंगळणं हा सिरॅमिकचा पुरावा नाही. ताजं वॅक्स लावलं तरी थेंब तसेच उभे राहतात, डॅशबोर्डवर मारायचा सिलिकॉनचा फवारा मारला तरी राहतात. उलट खरं कोटिंग लावलं असतं तर त्या माणसाने पाणी फेकलंच नसतं. ते सुकून घट्ट बसायला वेळ लागतो. पहिला दिवसभर तरी त्याला पाणी लागू देत नाहीत आणि पुढचे काही दिवस शाम्पूने धूत नाहीत. त्याने लावल्यावर तासाभरात भरभर पाणी ओतलं. फसवणुकीची कबुलीच होती ती, आमच्या डोळ्यांसमोर दिलेली.

दोन पाऊस झाले आणि थेंब उभे राहणं बंद झालं. आम्ही फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, धूळ बसली असेल, धुऊन घ्या. धुतली. मग म्हणाला, चुकीचा शाम्पू वापरलात, हमी रद्द झाली. तिसऱ्यांदा केला तेव्हा नंबर बंद. त्यानंतर ती बाही पांढरी झाली आणि मी मागे सरून गाडीकडे नीट पाहिलं. सबंध बाजू मळकट पांढरी, आणि मागच्या चाकावर तो अर्ध्या मीटरचा चौकोन अजून आरशासारखा. कडा सरळ, चिकटपट्टी जिथे होती तिथेच. त्याच्याकडे बघून पोटात कालवलं. आपल्याला काय द्यायचं कबूल केलं होतं आणि काय दिलं, हे दोन्ही एकाच भिंतीवर शेजारी शेजारी दिसत होतं.

मोटरहोमची दुरुस्ती करणाऱ्या एका जाणत्या माणसाला आम्ही गाडी दाखवली. त्याने आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तेवढंच पाणी मिसळलं, काळ्या फडक्यावर घेतलं आणि चौकोनाबाहेर पाच-सहा वेळा पुसलं. फडक्यावर आधी तेलकट डाग आला, मग पांढरी भुकटी. चौकोनात पुसलं, फडकं काळं ते काळंच राहिलं. म्हणजे बाकीच्या गाडीला मशीन लागलंच नव्हतं. भुकटीवरच तेलकट चकाकी मारली होती, आणि ती चकाकी भुकटीला धरून ठेवायची म्हणून सुरुवातीला हाताला काही लागत नव्हतं.

पैसे गेले ते गेले. त्याने जे बिघडवलं त्याचा त्रास मला जास्त झाला.

मोटरहोमच्या राहत्या भागातल्या खिडक्या बहुधा काचेच्या नसतात, अ‍ॅक्रिलिक या पारदर्शक प्लास्टिकच्या असतात, दुहेरी थराच्या. अ‍ॅक्रिलिकला थिनर, स्पिरिट, अमोनिया असलेला काच पुसायचा फवारा, काही चालत नाही. त्याने कशाने पुसल्या ते कळायला मार्ग नाही, पण स्वयंपाकाच्या ओट्यामागची खिडकी बघितली तर आता तिच्यात केसासारख्या बारीक रेघांचं जाळं आहे. सकाळचं ऊन त्यावर पडलं की अख्खी खिडकी तडकल्यासारखी चमकते. या रेघा वरवरचे ओरखडे नाहीत, पदार्थाच्या आतच भेगा पडलेल्या असतात. त्या घासून जात नाहीत, खिडकी बदलावी लागते.

दुसरं पाण्याच्या जेटचं. त्याने प्रेशर वॉशर अगदी जवळून मारला होता. बाजूच्या स्टिकरच्या पट्ट्यांची टोकं उचलली गेली. फ्रिजच्या जाळीतून पाणी आत गेलं, त्या जाळीमागेच गॅसवर चालणाऱ्या फ्रिजचा बर्नर असतो, तो पुढे दोन दिवस पेटेना. पण सगळ्यात वाईट झालं मागच्या कोपऱ्यात. तिथलं जुनं सीलंट, म्हणजे सांध्यातून पाणी आत जाऊ न देणारा मसाला, आधीच सुकलेलं होतं. जेटने त्याची कड उघडली आणि पावसाचं पाणी भिंतीत झिरपायला लागलं. या गाड्यांची भिंत म्हणजे बाहेरून फायबर, मध्ये फोम आणि लाकडाच्या पट्ट्या, आतून प्लाय. पाणी एकदा आत शिरलं की महिनोन् महिने दिसत नाही, लाकूड आतल्या आत कुजतं. दुरुस्तीवाल्याने ओल मोजायचं यंत्र लावलं. कोरडी भिंत पंधरा टक्क्यांच्या आत आकडा दाखवते. आमच्या कोपऱ्याने सत्तावीस दाखवला. वेळेवर सापडलं एवढंच समाधान. नवं सीलंट लावतानाही त्रास झाला, कारण सिलिकॉनच्या तेलावर ते धरत नाही. कोपरा चार वेळा पुसून घेतल्यावर कुठे बसलं.

छत त्याने बघितलंही नव्हतं. शिडी चढून पाहिलं तर सोलर पॅनलभोवती शेवाळ तसंच. खिडक्यांखाली काळे ओघळ दर पावसाला का येतात, हे तेव्हा समजलं: घाण वरून येते. छत न धुता बाजू चमकवणारा माणूस काम करत नाही, देखावा करतो.

तुम्हाला असं काम कुणाकडून करून घ्यायचं असेल तर कृपा करून नमुना त्याला निवडू देऊ नका. चौकोन तुम्ही दाखवा, आणि एक नाही, दोन-तीन, त्यातला एक सगळ्यात ऊन खाल्लेल्या जागी. काम चालू असताना निदान येऊन-जाऊन राहा. तो तुम्हाला दूर पाठवायची घाई करत असेल तर तिथेच थांबवा. कोणत्या कंपनीचं काय लावणार, किती पायऱ्या, किती दिवस, हे आधी लिहून घ्या. खिडक्या कशाने पुसणार, जाळ्यांवर आणि सीलंटवर जेट किती लांबून मारणार, हे विचारा. जाणणारा माणूस या प्रश्नांना कंटाळत नाही, उलट त्याचा विश्वास बसतो. गाडी ताब्यात घ्यायची ती दुसऱ्या दिवशी, कोरडी असताना, भर उजेडात. काळं फडकं न्या, वर सांगितलेलं अल्कोहोलचं पाणी न्या, आणि चार वेगवेगळ्या जागी पुसा. फक्त खिडक्यांना ते लावू नका. शेवटचा हप्ता त्यानंतर. आणि आमच्यासारखं झालंच असेल तर लगेच फोटो काढा, संवाद जपून ठेवा. आम्ही कार्ड सांभाळलं, पण मधले निरोप पुसून टाकले, त्यामुळे तक्रार द्यायला गेलो तेव्हा त्या कार्डाखेरीज हातात काहीच उरलं नव्हतं.

शेवटी आम्ही दोघांनीच काम हातात घेतलं. हळू फिरणारं ड्युअल अ‍ॅक्शन मशीन (ज्याची चकती फिरता फिरता डुलतेही) आणलं, कारण फार वेगाचं, एकाच जागी गरगर फिरणारं रोटरी मशीन नवख्या हातात कडांवर जेलकोट जाळतं. आधी छत, मऊ ब्रश आणि दोन बादल्या, एक शाम्पूची, एक ब्रश खंगाळायची. मग सावलीत, एका वेळी दोन हात रुंदीचा पट्टा. जेलकोट परत वाढत नाही, म्हणून शक्य तेवढ्या बारीक कंपाऊंडनेच भागवलं. सहा सुट्या गेल्या. खांदे भरून येत होते.

मागच्या चाकाची बाजू आम्ही मुद्दाम शेवटी ठेवली होती, चकाकी ताडून बघायला तो चौकोन हवा होता म्हणून. शेवटच्या दिवशी संध्याकाळी नवऱ्याने मशीन बंद केलं आणि मी काळं फडकं घेऊन भिंत पुसली. फडकं काळंच राहिलं. चौकोनाची कड शोधायला मी नखाने चाचपलं, मग तिरपा टॉर्च धरला. ती सापडली नाही.