रात्रपाळीची सेविका : बेळगावातील एका गृहशुश्रूषा सेवेविषयी

स्मृतिभ्रंश झालेल्या सासूबाईंसाठी शहापूर भागातील एका गृहशुश्रूषा संस्थेची रात्रपाळी आम्ही गेल्या दिवाळीपासून घेत आहोत. वेळ रात्री ८ ते सकाळी ८, दर एका रात्रीला ७०० रुपये. रोजचा खर्च झेपणारा नसल्यामुळे आठवड्यातून तीनच रात्री सेविका बोलावतो. रुग्णाची स्वच्छता आणि औषधांच्या वेळा या बाबतींत तक्रारीला जागा नाही. मात्र स्मृतिभ्रंशाच्या घरात सांभाळणाऱ्या माणसाची प्रकृती सावरते की नाही, हीच अशा सेवेची खरी कसोटी आहे, असे माझे मत आहे.

१९९५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात, स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगांना सांभाळणाऱ्या स्त्रियांच्या हातावर मुद्दाम केलेली लहानशी जखम इतर स्त्रियांपेक्षा सुमारे ९ दिवस उशिरा भरल्याचे आढळले. ताण मनापुरता राहत नाही, तो शरीरात उतरतो. आमच्या सासूबाई दिवेलागणीनंतर बेचैन होतात आणि मध्यरात्री माहेरी जायचे म्हणून दाराची कडी काढू लागतात. त्यांच्यामागे जागून माझा रक्तदाब वाढला आणि कंबर धरली. ‘तू आहेस ना घरी,’ असे म्हणणाऱ्यांना रात्री गाढ झोप लागते, ही गोष्ट वेगळी. आता आठवड्यातील तीन रात्री सलग झोप मिळते आणि रक्तदाबाची गोळी वाढवावी लागलेली नाही. सासूबाईंना उठवताना थेट ओढू नये, आधी कुशीवर वळवून पाय खाली सोडावेत आणि मग बसते करावे, हे सेविकेने शिकवल्यापासून कंबरेलाही पुष्कळ आराम आहे.

उणिवा मात्र आहेत. पहिली सेविका मनमिळाऊ होती, पण तिला कन्नडखेरीज काही येत नव्हते. चंदगडहून लग्न होऊन आलेल्या सासूबाई पूर्वी बाजारात कन्नड बोलत. आता ते त्यांना उमगत नाही, आणि अनोळखी बोलणे कानी पडले की त्या घाबरून मलाच हाका मारत, त्यामुळे पैसे देऊनही मी जागीच राहत असे. खानापूरकडची मराठी बोलणारी सेविका आल्यावर हा त्रास थांबला. सौंदत्तीच्या यात्रेच्या दिवसांत ती रजेवर गेली, तेव्हा संस्थेला बदली सेविका देता आली नाही. शिवाय नोंदणी अर्जात रुग्णाची सारी माहिती विचारतात, सांभाळणाऱ्याविषयी एकही रकाना नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ झॅरिट यांची सांभाळणाऱ्यावरील भार मोजणारी २२ प्रश्नांची प्रश्नावली त्यांच्याच १९८० मधील मूळ प्रश्नावलीतून घडलेली आहे. तीच दर तिमाहीस भरून घेणे संस्थेला अवघड नसावे.

एवढे असूनही ही सेवा घ्यावी, असेच मी सांगेन. मोजकेच पैसे असतील तर दिवसाऐवजी रात्रपाळी घ्यावी, आणि शक्यतो एकच, मराठी बोलणारी सेविका पाठवण्याचे संस्थेकडून आधीच लेखी घ्यावे.