पाइल कॅपची जाडी: परभणीतील एका बांधकामात झालेली फसवणूक

आमच्या गृहनिर्माण संस्थेची इमारत परभणीच्या खोल काळ्या मातीत उभी राहणार होती. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून अभियंत्याने पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब, थेट खडकात टेकवले. मुख्य कॉलमखाली पाच पाइल, एक मधोमध व चार कोपऱ्यांत, आणि त्यांवर १२०० मिलिमीटर जाडीची कॅप, म्हणजे कॉलमचा भार पाइलवर वाटणारा काँक्रीटचा ठोकळा, असे नकाशात होते. ठेकेदाराने बहुतेक कॅप ६०० मिलिमीटरच्या ओतल्या आणि बिल पूर्ण जाडीचे लावले.

त्याने पाइलची डोकी ठरलेल्या कट-ऑफ लेव्हलपर्यंत (पाइल जिथवर तोडायचा त्या पातळीपर्यंत) न फोडता वरच सोडली, खड्डा मुरमाने भरून त्यावर पीसीसी (सळयांविना साधे काँक्रीट) टाकले आणि कॅपचा माथा बरोबर पातळीत आणला. त्यामुळे वरून टेप लावणाऱ्याला काहीच कळत नव्हते. रस्त्याकडच्या कॅप तेवढ्या पूर्ण जाडीच्या होत्या, आणि फोटोही त्यांचेच होते. रेडीमिक्सच्या चलनांतील घनमीटर बिलाशी जुळेनात, तेव्हा एका कॅपच्या कडेला खोदून पाहिले आणि सारे उघड झाले.

“भार पाइल घेतात, कॅप म्हणजे नुसतं झाकण. पाइल टेस्ट पास आहे ना?” असे तो बैठकीत म्हणाला आणि निम्मे सभासद गप्प बसले. वास्तविक ती चाचणी एकट्या पाइलवर दीडपट भार ठेवून घेतलेली असते. कॅपविषयी ती काहीही सांगत नाही. कॅप पुरेशी ताठ असावी, म्हणजे भार सर्व पाइलवर सारखा वाटला जाईल, असे आयएस २९११ या पाइलच्या पायासाठीच्या भारतीय मानकात स्पष्ट लिहिले आहे. वाकण्याविरुद्धचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. जाडी निम्मी केली की तो एक अष्टमांश उरतो. अशी कॅप कॉलमखाली वाकते, मधला पाइल आपल्या वाट्याहून बराच जास्त भार उचलतो आणि कोपऱ्यांतले त्या मानाने मोकळे राहतात. त्यातून आमचे पाइल खडकावर टेकलेले, म्हणजे फारसे न दबणारे. मधला थोडा खचून भार इतरांकडे सरकेल, ही आशाही तिथे नव्हती. कॉलम कॅपमधून आरपार घुसण्याचा धोका वाढला तो वेगळाच.

दुरुस्ती म्हणून जुन्या कॅपमध्ये भोके पाडून सळया बसवाव्या लागल्या आणि वरून काँक्रीट चढवावे लागले. त्यात पार्किंगची उंची गेली. ज्यांचे काम अजून पायात आहे, त्यांनी पीसीसी टाकण्याआधी प्रत्येक खड्ड्यात तोडलेल्या पाइलच्या माथ्याची पातळी ऑटो लेव्हलने (पातळी मोजण्याच्या दुर्बिणीने) आपल्या माणसाकडून मोजून घ्यावी, तिच्यावर ठेकेदाराची सही घ्यावी, आणि कॅपचे बिल चलनांशी ताडल्याशिवाय मंजूर करू नये.