घरी असाइनमेंट द्यायचं की सोबत बसून कोड करायचा?

नोकरीवर डेव्हलपर, म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस, घेताना हा वाद टीममध्ये दरवेळी निघतो. असाइनमेंटमध्ये माणूस निवांत विचार करतो, घाबरत नाही, हे खरंय. पण आपण म्हणतो दोन-तीन तासांचं काम आणि लोक अख्खा वीकेंड घालवतात, ज्याच्या घरी लहान मूल आहे त्याने वेळ कुठून आणायचा, आणि आता तर एआयने लिहिलं की स्वतः, तेही कळत नाही.

सोबत बसलं की वेगळंच दिसतं. मी बग (चूक) असलेला छोटा कोड देतो, तो तपासणारी टेस्ट फेल होते, मग बघायचं की समोरचा एरर मेसेज नीट वाचतो का लगेच ओळी बदलत सुटतो. एका मुलीने आधी विचारलं, "हे नेमकं वापरतं कोण?" तिथेच मला पटलं. बुजरी माणसं मात्र यात मार खातात, म्हणून पहिली दहा मिनिटं नुसत्या गप्पा.

२०२२ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी नोकरीसाठी माणसं निवडण्यावरचे जुने अभ्यास पुन्हा तपासले, तेव्हा पुढे कोण चांगलं काम करेल हे ओळखण्यात सगळ्यांना ठरलेले तेच प्रश्न विचारणारा इंटरव्ह्यू सगळ्यात वर आला. म्हणून माझं मत सोबत बसण्याला, पण सगळ्यांना बग तोच, निकष तेच, आणि मार्क आपसात बोलायच्या आधी लिहून ठेवायचे.