फॉर्म 67: जर्मनीत कापलेला कर भारतात वळता करून घ्यायची खिडकी

पुण्यातल्या कंपनीने माणसाला दीड-दोन वर्षांसाठी म्युनिक किंवा स्टुटगार्टला पाठवायचं, पगार पुण्याच्याच पेरोलवर चालू ठेवायचा आणि तिकडे दर महिन्याला लोनस्टॉयर (पगारावरचा जर्मन कर) कापला जायचा, ही व्यवस्था आता नवी राहिलेली नाही. एकाच पगारावर दोन्हीकडे कर बसला की भारतातला कर तेवढ्यापुरता कमी करून घ्यायला आयकर विभागाच्या ई-फायलिंग पोर्टलवर फॉर्म 67 भरावा लागतो. फुकट आहे, पूर्ण ऑनलाइन आहे, आकडे तयार असतील तर अर्ध्या तासात उरकतो. पाचपैकी साडेतीन गुण.

भरायच्या आधी तो लागतो का, हे दिवस मोजून पाहा. नोकरीसाठी परदेशी जाणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात 182 दिवसांपेक्षा कमी भारतात राहिला तर तो अनिवासी. 28 सप्टेंबरला विमानात बसलेल्याचे निघाल्याचा दिवस धरून 181 भरतात, तो सुटला. जर्मनीतल्या कामाचा पगार त्याच्या भारतीय करात येत नाही आणि फॉर्म 67 चा प्रश्नच मिटतो. फक्त तो पगार थेट भारतातल्या खात्यात जमा होत असेल तर ‘भारतात मिळालेलं उत्पन्न’ म्हणून वाद निघू शकतो. त्यासाठी जर्मन कर कार्यालयाचा निवासी दाखला आणि पोर्टलवर भरलेला फॉर्म 10एफ (दोन देशांतल्या कर-कराराची सवलत मागायचा) जवळ असावा. नोव्हेंबरात निघालेला मात्र पुरता अडकतो. त्या वर्षी तो निवासी, म्हणजे जगभरच्या उत्पन्नावर भारतात कर.

दुसरी चाळणी कराराची. एकाच उत्पन्नावर दुहेरी कर टाळण्याच्या भारत-जर्मनी कराराच्या कलम 15 प्रमाणे मुक्काम 183 दिवसांच्या आत, मालक जर्मनीबाहेरचा आणि पगाराचा बोजा मालकाच्या तिथल्या कायमस्वरूपी आस्थापनेवर (शाखा, कार्यालय वगैरे) नाही, या तिन्ही अटी जुळल्या तर जर्मनीने कर लावायचाच नाही. माणसं पहिल्या अटीवरच थांबतात. प्रत्यक्षात पुण्याची कंपनी तुमचा खर्च जर्मन भगिनी-कंपनीला बिल करत असेल, तर जर्मन कर खातं त्या कंपनीलाच खरा मालक धरतं आणि पहिल्या दिवसापासून कर लागतो. तेव्हा एचआरला थेट विचारा: माझा खर्च तिकडे बिल होतो का? करारानुसार लागायलाच नको होता तो कर कापला गेला असेल, तर तो जर्मनीकडूनच परत मागायचा. भारत त्याचं क्रेडिट, म्हणजे इथल्या करातून वजावट, देत नाही.

आता फॉर्म. ई-फाइलमधून इन्कम टॅक्स फॉर्म्समध्ये जा आणि शोधचौकटीत 67 टाका. भाग ए, भाग बी, पडताळणी आणि जोडपत्रं असे चार टप्पे आहेत. पगारदाराचं खरं काम भाग ए मध्ये: देश, उत्पन्नाचा प्रकार, रक्कम, तिकडे भरलेला कर, त्याच उत्पन्नावरचा भारतातला कर, कराराचं कलम. करारातला दर विचारणारा रकाना पाहून अनेकजण गोंधळतात. पगाराला करारात ठरावीक दर नसतोच. हा रकाना व्याज-लाभांश डोळ्यांपुढे ठेवून आखलाय, एक गुण तिथेच गेला.

क्रेडिट किती, यावर सर्वात जास्त गैरसमज आहेत. समजा आर्थिक वर्ष 2025-26 मध्ये करपात्र उत्पन्न 36 लाख, त्यातले 15 लाख जर्मनीतल्या महिन्यांचे. नव्या करप्रणालीत 36 लाखांवर कर 6,60,000 आणि 4 टक्के सेस धरून 6,86,400. त्यात 15 लाखांचा वाटा सरासरी दराने 2,86,000. जर्मनीने 4,20,000 कापले असले तरी क्रेडिट 2,86,000 च. दोन्हींतली लहान रक्कम, असा आयकर नियमावलीतला नियम 128 आहे. उरलेले 1,34,000 परत मिळत नाहीत की पुढच्या वर्षी ओढता येत नाहीत. ‘आपला वरचा स्लॅब 30 टक्के, म्हणून 30 टक्के क्रेडिट’ हा हिशेब चुकीचा.

रुपयांत रूपांतर कार्डाच्या किंवा गुगलच्या दराने चालत नाही. स्टेट बँकेचा टीटी बाइंग दर (बँक ज्या दराने परकीय चलन विकत घेते तो) घ्यायचा, तोही पगाराच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा. नोव्हेंबरच्या पगाराला 31 ऑक्टोबरचा. कापलेल्या करालाही कपातीच्या आधीच्या महिन्याअखेरचाच. डिसेंबर 2025 च्या पगाराला 30 नोव्हेंबर लागतो आणि तो रविवार. अशा वेळी आधीच्या कामाच्या दिवसाचा दर घेतात. बँकेची दरांची पीडीएफ रोज बदलते, त्यामुळे महिनाअखेरीला ती उतरवून ठेवायची सवय लावून घ्या. जुलैत शोधायला बसलं की घाम फुटतो.

कागदांची खरी अडचण वेगळीच आहे. जर्मनीचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. जानेवारी-मार्च 2026 चा वार्षिक कर दाखला हाती पडेपर्यंत 2027 उजाडतं, आणि भारतातलं विवरणपत्र तर 31 जुलैला भरायचं. यावर नियमातच सोय आहे: मालकाचं पत्र, किंवा स्वतः सही केलेलं विवरण आणि सोबत कर कापल्याचा पुरावा. दर महिन्याच्या जर्मन पे-स्लिपा एका पीडीएफमध्ये जोडून द्या, शिवाय प्रत्येक महिन्याचं युरो, दर आणि रुपये असं एक पानी कोष्टक लावा. पुढे जर्मन विवरणपत्रातून परतावा आला तर भरलेला कर कमी झाला, म्हणजे क्रेडिटही फेरतपासावं लागतं.

आर्थिक वर्ष 2025-26 चा फॉर्म 31 मार्च 2027 पर्यंत चालतो, मात्र विवरणपत्र मुदतीत किंवा निदान उशिराच्या मुदतीत गेलेलं हवं. तरीही आधी 67, मग आयटीआर-2 (विवरणपत्र) हाच क्रम ठेवा. बंगळुरूचं प्रक्रिया केंद्र विवरणपत्र तपासताना फॉर्म सापडला नाही तर क्रेडिट शून्य धरून मागणीची नोटीस काढू शकतं. विवरणपत्रातल्या एफएसआय (परदेशी उत्पन्न) आणि टीआर (परदेशी कराची सवलत) या परिशिष्टांतले आकडे फॉर्म 67 शी रुपयासकट जुळायला हवेत. उरलेला अर्धा गुण याचाच: तेच आकडे दोनदा टाइप करायला लावतात. एफएसआयमध्ये करदाता क्रमांक मागतात तिथे जर्मनीचा अकरा आकडी स्टॉयर-आयडी द्यायचा.

कंपनी टॅक्स इक्वलायझेशन करत असेल, म्हणजे परदेशी नेमणुकीमुळे वाढणारा कर स्वतः उचलत असेल, तर नेमणूकपत्र पुन्हा वाचा. तिकडचा कर कंपनीने भरला असेल तर ती रक्कम तुमच्या पगारातच परक्विझिट (पगाराबरोबरची सवलत) म्हणून मिळवली जाते. क्रेडिटमुळे भारतात आलेला परतावाही बहुधा कंपनीकडे वळता करायचा असतो. पैसे खात्यात आले म्हणून खर्च करून बसू नका.

निवासी वर्षात तिथलं बँक खातं विवरणपत्राच्या परिशिष्ट एफएमध्ये (परदेशी मालमत्ता) दाखवावंच लागतं, तेही कॅलेंडर वर्षाने. नोव्हेंबर 2025 मध्ये उघडलेल्या खात्याची 31 डिसेंबरपर्यंतची सर्वाधिक शिल्लक आणि अखेरची शिल्लक. मार्चपर्यंतची नाही. लपवल्यास काळ्या पैशाच्या 2015 च्या कायद्याखाली दंड 10 लाख. स्थावर सोडून एकूण मालमत्ता 20 लाखांच्या आत असेल तर 1 ऑक्टोबर 2024 पासून तो दंड लागत नाही, पण खातं दाखवायचं बंधन तसंच आहे.