दडलेले शब्द शोधायला प्रोजेक्ट गुटेनबर्ग कितपत उपयोगी?

इंग्रज कवी मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ या महाकाव्यात, नवव्या सर्गात, साप तिरका तिरका इव्हकडे सरकतो. तिथल्या ५१० ते ५१४ या ओळींचे पहिले शब्द: सिपिओ, ॲट, टू, ॲज, नाय. इंग्रजी आद्याक्षरं वरून खाली वाचा: एस, ए, टी, ए, एन. म्हणजे खुद्द सैतान! हे कवीनं मुद्दाम साधलं की आपसूक जुळलं, यावर वाद आहे. असे शब्द स्वतः हुडकायचे तर जुनी पुस्तकं इंटरनेटवर देणाऱ्या प्रोजेक्ट गुटेनबर्गसारखी फुकट आणि भरवशाची जागा नाही. फक्त फाइल जशीच्या तशी वापरू नका.

‘प्लेन टेक्स्ट यूटीएफ-८’ हीच, म्हणजे नुसत्या साध्या मजकुराची, फाइल उतरवा. मोबाइलवर वेबपान वाचलं तर लांब ओळ मोडते आणि भलतंच आद्याक्षर पुढे येतं. तारकांच्या खुणांबाहेरचा परवान्याचा मजकूर आधी उडवा. मग सर्गांची शीर्षकं, रिकाम्या ओळी, ओळीआधीची मोकळी जागा, अवतरणचिन्हं आणि तिरप्या टाइपासाठी घातलेले अंडरस्कोर काढा. एखादं शीर्षक चुकून राहिलं तर माळेत उपरं अक्षर घुसतं आणि खरा शब्द तिथेच तुटतो. उरलेल्या प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर घेऊन सलग माळ करा, आणि शब्दयादी तिच्यावर फिरवा.

तीन अक्षरी शब्दांवर हुरळून जाऊ नका. या काव्यात १०,५६५ ओळी आहेत. तीन अक्षरी इंग्रजी शब्द शेकड्यांनी सापडणारच. पाच इंग्रजी अक्षरांच्या शक्य जुळण्या मात्र १,१८,८१,३७६ होतात, त्यामुळे असा शब्द योगायोगानं क्वचितच जुळतो, म्हणून तिथे थांबून आजूबाजूचा मजकूर वाचावा. खरी मजा तिथेच आहे. रोमन कवी व्हर्जिलच्या ‘एनीड’ या लॅटिन महाकाव्यात सातव्या सर्गाच्या ६०१ ते ६०४ ओळींत ‘मार्स’, म्हणजे रोमनांचा युद्धदेव, उभा आहे, आणि प्रसंग युद्धाचे दरवाजे उघडण्याच्या प्रथेचा. तिसऱ्या ओळीचा शेवटही त्याच देवाच्या नावानं होतो. अर्थात हे लॅटिन मूळातच दिसेल, इंग्रजी भाषांतरात नाही. लॅटिनमध्ये ‘यू’ आणि ‘व्ही’ एकच धरून शोधा, कारण आवृत्तीगणिक ते बदलतात.

कादंबऱ्यांसाठी ही सेवा ओळींच्या शोधात कुचकामी आहे. गद्याच्या ओळी फाइल बनवणाऱ्यानं ठरावीक रुंदीवर तोडलेल्या असतात, लेखकानं नव्हे. तिथे परिच्छेदांची किंवा प्रकरणांची आद्याक्षरं घ्यावीत. शेकडो पुस्तकं एकदम हवी असतील तर मुख्य साइटवर प्रोग्रॅम सोडू नका, तुमचा इंटरनेटवरचा (आयपी) पत्ता अडवला जातो. त्यासाठी मिरर, म्हणजे त्याच फाइलींच्या प्रती ठेवणाऱ्या दुसऱ्या साइट, आहेत.

हीच रीत ज्ञानेश्वरीला लावायची तर छापील ओळ नको, ओवी हे एकक धरा. काही प्रतींत ओवी दोन ओळींत छापतात, काहींत चार. आणि संगणकाला नुसतं ‘पहिलं अक्षर’ मागितलं तर ‘कि’मधला ‘क’ हाती येतो, वेलांटी मागे राहते. मात्रा आणि जोडाक्षरासकट पूर्ण अक्षर उचलायला सांगावं लागतं.