बारा वर्षांची गाडी ठेवावी की नवी घ्यावी? ठाणे-नवी मुंबईच्या रस्त्यांवरचा हिशेब

दारात २०१३-१४ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, कर्ज केव्हाच फिटलंय, गाडी सकाळी एका किल्लीत सुरू होते. पण एसी पूर्वीसारखा गार करत नाही, खड्ड्यात पुढून खडखड येते आणि घरातले म्हणतात, ‘आता किती दिवस ओढायची?’ हा आढावा अशा माणसांसाठी आहे. एका बाजूला हीच जुनी गाडी, दुसऱ्या बाजूला शोरूममधली नवी सीएनजी हॅचबॅक. इलेक्ट्रिक आणि सेकंडहँड या दोन वाटा पुढे ओघात येतीलच.

आधी एक गैरसमज बाजूला करू. दहा वर्षांचं डिझेल आणि पंधरा वर्षांचं पेट्रोल बंद, हा नियम दिल्ली-एनसीआरचा. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत फिटनेस दाखवून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. नूतनीकरणाचं शुल्क २०२२ पासून ५,००० रुपये झालंय, पर्यावरण कर वेगळा. शिवाय एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षेची) नंबरप्लेट हवी. म्हणजे बाराव्या वर्षी कायदा तुम्हाला गाडी विकायला लावत नाही. शेजारी लावतात.

बिघडणं आणि दुरुस्त होणं

‘जुन्या गाड्या दणकट होत्या, आताचे पत्रे म्हणजे डबे’ हे चहाच्या टपरीवरचं मत मला पटत नाही. नवी गाडी कमी वेळा बिघडते. पत्रा गंजायला जास्त वर्षं घेतो, इंजिन नीट ऑइल घातलं तर सहज दीड-दोन लाख किलोमीटर जातं. पण ती बिघडते तेव्हा काय बदलावं लागतं, ते पाहा. फरक तिथे आहे.

वागळे इस्टेटच्या किंवा तुर्भ्याच्या कुठल्याही गॅरेजात पावसाळ्यानंतर उभे राहा. गाड्यांची रांग एकाच कामाला असते: लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, शॉकअप. जुन्या हॅचबॅकचा लोअर आर्म मिस्त्री खाली काढतो, प्रेसवर धरून जुना बुश ठोकून बाहेर काढतो, नवा दाबून बसवतो. रबराचा तो तुकडा काही शे रुपयांचा. अलाइनमेंट धरून दुपारपर्यंत गाडी हातात. बऱ्याच नव्या गाड्यांना कंपनी तो बुश सुटा देतच नाही, अख्खा आर्म घ्या म्हणते. हब बेअरिंगचं तेच, मागच्या दिव्यांचं तेच.

हेडलाइटचं उदाहरण तर डोळ्यांत भरण्यासारखं आहे. जुन्या गाडीत एच-४ बल्ब असतो. गेला की बॉनेट उघडा, मागची रबरी टोपी काढा, तार दाबून बल्ब बदला. दोन-तीनशे रुपयांत आणि पाच मिनिटांत काम होतं, घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही स्पेअरच्या दुकानात बल्ब मिळतो. एलईडी दिवा जास्त वर्षं टिकतो, हे खरं. पण तो सीलबंद असतो. आत ओल शिरली किंवा रिक्षाने कोपऱ्याला घासलं, तर पूर्ण युनिट. किंमत हजारांत, महाग गाडी असेल तर बरेच हजार. बंपरमागे रडार आणि काचेवर कॅमेरा असलेली गाडी घेतलीत, तर काच बदलल्यावर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशनही आलं, आणि ते नाक्यावरच्या काचवाल्याकडे होत नाही.

जुन्या गाडीचा माल मिळतो का, हा पुढचा प्रश्न. मॉडेल खूप विकलं गेलेलं असेल, तर ओरिजिनल, ओईएम (कंपनीला माल पुरवणाऱ्याचा), लोकल असे तीन दर्जे मिळतात, आणि न मिळालेलं कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर निघतं. कंपनीच देशातून गेली असेल, तर मात्र विचार करा. शेवरलेने २०१७ च्या शेवटी भारतात विक्री थांबवली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं ठरवलं. त्यांची इंजिनं चांगली होती, पण एखादा सेन्सर किंवा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) गेला की माल येईपर्यंत गाडी सोसायटीत धूळ खाते.

नव्या गाडीत अडचण मालाची नसते, बाहेरच्या गॅरेजला दरवाजे बंद असण्याची असते. बिघाड शोधायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं, नवी किल्ली जोडायलाही लागतं. हे भांडण जुनंच आहे. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारींचा समावेश आहे. तुमच्या गॅरेजवाल्याच्या रोजच्या धंद्यात यातलं फारसं काही अजून उतरलेलं नाही. तो साधा स्कॅनर लावून कोड वाचतो आणि पुढचं ‘कंपनीत न्या’ म्हणतो.

गिअरबॉक्सबद्दल दोन वाक्यं, कारण इथे लोक शोरूमच्या टेस्ट ड्राइव्हवर भाळतात. कापूरबावडी ते गायमुख संध्याकाळी सातला चालवून बघा: पहिला गिअर, अर्धा क्लच, ब्रेक, पुन्हा पहिला. ड्राय क्लचचा डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) अशा रांगत्या ट्रॅफिकमध्ये तापतो, आणि तो दुरुस्त करणारा मिस्त्री तुमच्या नाक्यावर नाही. ऑटोमॅटिक हवीच असेल तर टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी बघा. एएमटी झटके देते, पण आत साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स असल्याने दुरुस्तीला सोपी.

डिझेलचा विचार घर-ऑफिस-घर वाल्यांनी सोडून द्यावा. बीएस-६ डिझेलच्या डीपीएफमध्ये (धुराच्या वाटेवरच्या गाळणीत) काजळी साचते, ती जाळायला गाडी सलग वेगात पळावी लागते. आपल्याकडे ती माजिवड्याच्या पुलाखाली उभी असते.

चालवण्याचा खर्च

आता आकडे. पेट्रोल १०४ रुपये लिटर, सीएनजी ८० रुपये किलो धरतो. पंपावर भाव बदललेला असेल तर तुमचा घाला. जुनी गाडी ट्रॅफिकमध्ये १३ चा ॲव्हरेज देते, म्हणजे किलोमीटरला ८ रुपये. नवी सीएनजी कागदावर तिशीपार सांगतात, मी २४ धरतो, म्हणजे साधारण ३ रुपये ३३ पैसे. नवी गाडी ऑनरोड ८ लाखांना, त्यातलं ६ लाख कर्ज, ९ टक्के, पाच वर्षं. हप्ता सुमारे १२,४५५ रुपये, पाच वर्षांचं व्याज १ लाख ४७ हजार. विमा कंपन्यांच्या तक्त्यात पाचव्या वर्षी गाडीची किंमत निम्मी होते, तोच आधार घेऊन घसारा वर्षाला ८० हजार. जुनीच्या दुरुस्तीला मी मुद्दाम सढळ हाताने रक्कम टाकलीय.

| वर्षाचा खर्च | जुनी, महिना ६०० किमी | नवी, महिना ६०० किमी | जुनी, महिना १,५०० किमी | नवी, महिना १,५०० किमी |
|---|---|---|---|---|
| इंधन | ५७,६०० | २४,००० | १,४४,००० | ६०,००० |
| दुरुस्ती, सर्व्हिसिंग | ४०,००० | ६,००० | ५५,००० | १०,००० |
| विमा | ४,००० | २०,००० | ४,००० | २०,००० |
| घसारा | – | ८०,००० | – | ८०,००० |
| व्याज | – | २९,००० | – | २९,००० |
| एकूण | १,०१,६०० | १,५९,००० | २,०३,००० | १,९९,००० |

जुनीचा विमा फक्त थर्ड पार्टी धरलाय (१,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ रुपये अधिक जीएसटी). गाडी चोरीला गेली किंवा ठोकली तर हातात काही येत नाही, हे ध्यानात ठेवा.

महिन्याला सहाशे किलोमीटर म्हणजे भाजी, शाळा, शनिवार-रविवार आणि अधूनमधून गाव. एवढ्यासाठी नवी गाडी वर्षाला सत्तावन्न हजारांनी महाग पडते. ‘दुरुस्तीवर चाळीस हजार गेले’ हा आकडा बिलावर दिसतो म्हणून टोचतो, घसाऱ्याचं बिल कुणी पाठवत नाही. दीड हजार किलोमीटरच्या आसपास दोन्ही बाजू जुळतात. त्यापुढे नवी सीएनजी सरळ जिंकते. रोज कासारवडवलीहून महापे किंवा खारघरहून पवई करणाऱ्याने जुन्या पेट्रोलवर भावनेपोटी पैसे जाळू नयेत. (ऐरोली, वाशी, मुलुंडच्या नाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना टोल नाही, त्यामुळे तो खर्च दोन्ही बाजूंनी गेला.)

सीएनजीच्या उणिवाही सांगतो. सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी), अर्धी डिकी गेलेली, आणि पंपावरची रांग. नोव्हेंबर २०२५ मध्ये पाइपलाइनला इजा झाली आणि मुंबई-ठाणे-नवी मुंबईचा गॅसपुरवठा कोलमडला, तेव्हा रिक्षा-टॅक्सींच्या रांगा सगळ्यांनी पाहिल्या. खासगी गाडी निदान पेट्रोलवर टाकता येते.

जुन्या गाडीला इथेनॉलचा प्रश्न आहे. पंपावर आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. सरकारने स्वतःच ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की ई-१० साठी बनलेल्या आणि ई-२० ला जुळवलेल्या गाड्यांचा ॲव्हरेज १ ते २ टक्के घटतो, इतरांचा ३ ते ६ टक्के. सहा टक्के धरले तरी वरच्या तक्त्यातल्या सहाशे किलोमीटरवाल्याचे वर्षाला साडेतीन हजार वाढतात, निर्णय उलटत नाही. मात्र रबराचे इंधन पाइप आणि गॅस्केट म्हातारे असतील तर बदलून घ्या, आणि गाडी महिना-महिना उभी ठेवू नका.

इलेक्ट्रिकचं काय? घरी महावितरणच्या मीटरवर, युनिटला १० रुपये धरून आणि साडेसहा किलोमीटर गाडी जाते असं मानून, किलोमीटरला दीड रुपया पडतो. क्लच नाही, ऑइल नाही, ब्रेक पॅड जास्त चालतात. पण गाडी १२-१३ लाखांना पडली तर घसारा आणि व्याज मिळून हा फायदा खाऊन टाकतात, आणि निव्वळ पैशांत ती सीएनजीला सहज गाठत नाही. अपवाद उलवे-नेरुळकरांचा. अटल सेतूचा मोटारीचा टोल उद्घाटनाच्या वेळी एका बाजूला २५० आणि परतीसह ३७५ ठरला. ऑगस्ट २०२५ पासून इलेक्ट्रिक मोटारींना तो माफ आहे. महिन्याचे २२ दिवस दक्षिण मुंबईला जाणाऱ्याचे ८,२५० रुपये तिथेच वाचतात. अशा माणसाने इलेक्ट्रिकच घ्यावी, फक्त बुकिंगच्या आधी सोसायटीकडून चार्जरची लेखी परवानगी घ्यावी, कारण या पायरीवर बरेच जण अडकतात. बॅटरीची हमी साधारण ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असते. बॅटरी गाडीच्या पोटाखाली असते, तेव्हा आपल्या सोसायट्यांचे डोंगराएवढे स्पीडब्रेकरही मोजून या.

पाणी, खड्डे आणि जीव

पावसाळ्यात नवी-जुनी भेद नाही. इंजिनाने पाणी ओढलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या विम्यात हे बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट मारू नका. खड्ड्यांत मात्र जुनी पुढे: चौदा इंची चाकाचं जाड टायर तडाखा पचवतं, सतरा इंची मिश्रधातूच्या रिमवरच्या पातळ टायरला बाजूला फुगा येतो आणि ते टायर फेकावंच लागतं.

जुनीच्या विरुद्धचा सगळ्यात भारी मुद्दा पैशांचा नाही. २०१३-१४ च्या खालच्या व्हेरिअंटमध्ये बहुधा एअरबॅग नाहीत, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. चालकाची एअरबॅग आणि एबीएस सक्तीचे झाले २०१९ पासून, शेजारच्या सीटची एअरबॅग त्यानंतर. गाडी आदळून सुरक्षा तपासणाऱ्या भारत एनकॅपच्या चाचण्या ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाल्या. शहरात तीसच्या वेगाने फिरणाऱ्या गाडीला हे कमी लागेल. पण दर महिन्याला मुलांना घेऊन एक्स्प्रेस वेने पुणे किंवा कसाऱ्यावरून नाशिक होत असेल, तर वरचा तक्ता फाडून टाका आणि गाडी बदला. तिथे मी पन्नास हजारांचा हिशेब करणार नाही.

ठरवण्याआधी

जुनी ठेवायचा कल असेल, तर गाडी लिफ्टवर चढवून खालून बघा. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत चासीचे रेल, सिल (दाराखालचा पत्रा) आणि शॉकअपचे टॉवर गंजतात. स्क्रूड्रायव्हर रुतला तर विषय संपला, कारण इंजिन बांधून मिळतं, कुजलेल्या चासीवर मारलेला टाका टिकत नाही. तळ कडक असेल, तर शॉकअप, बुश, कूलंटचे पाइप, टायर आणि एसीचा कॉम्प्रेसर एकदाच मनावर घेऊन करा. तीस-चाळीस हजारांत गाडी दोन-तीन वर्षं कुरकुरत नाही.

तिसरी वाट मला व्यक्तिशः सर्वांत शहाणपणाची वाटते: तीन-चार वर्षांची, साध्या इंजिनाची, मॅन्युअल, दोन एअरबॅग-एबीएसवाली सेकंडहँड. टर्बो नको, सनरूफ नको. मोठा घसारा पहिल्या मालकाने सोसलेला असतो. एप्रिल २०२३ नंतर बनलेली मिळाली, तर इंधनाच्या वाटेतले भाग ई-२० चालणारे असतात. फक्त आपल्या पट्ट्यात पाण्यात बुडालेल्या गाड्या पॉलिश होऊन विकायला येतात. सौदा करायच्या आधी पुढचा सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढून बघा, स्टेपनीखालचा खळगा आणि सीटचे स्क्रू बघा, विम्याच्या क्लेमचा इतिहास मागा. पट्ट्याच्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ दिसली, तर मालक कितीही ‘लेडी ड्रिव्हन’ म्हणो, टोकन देऊ नका.