नॅशनल डेटा आर्काइव्हच्या पुस्तिका: मिरजेतील एका बालरोगतज्ज्ञाचे मत

गेल्या वर्षी साडेतीन महिन्यांचे एक बाळ माझ्याकडे आले. त्याच्या कानाच्या पाळीमागे हरभऱ्याएवढा काळानिळा डाग होता. आधीच्या दवाखान्याच्या केसपेपरवर ‘खाटेवरून पडले’ एवढीच ओळ होती. डाग नेमका कुठे, केवढा, याचा उल्लेख नव्हता. जे बाळ अजून कूससुद्धा वळत नाही ते आपले आपण खाटेवरून पडेल कसे, हे कुणी विचारले होते की नाही, तेही त्यावरून कळत नव्हते. मिरजेत सांगली जिल्ह्याबरोबरच सोलापूर आणि उत्तर कर्नाटकातूनही रुग्ण येतात; एकाने पाहिलेले दुसऱ्यापर्यंत पोहोचवणारी सामाईक नोंद मात्र आपल्याकडे नाही. ती करायची तर कशी, हे समजून घेण्यासाठी मी अमेरिकेतील ‘नॅशनल डेटा आर्काइव्ह ऑन चाइल्ड अब्यूज अँड निग्लेक्ट’ या संग्रहाच्या मार्गदर्शक पुस्तिका वाचायला घेतल्या. हा संग्रह १९८८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात सुरू झाला. मूळ डेटा मी मागवलेला नाही. हे मत संकेतस्थळावर विनामूल्य मिळणाऱ्या पुस्तिका आणि संकेतसूची (कोणत्या रकान्यातील कोणत्या आकड्याचा अर्थ काय, याची यादी) यांपुरतेच आहे.

त्यांतील ‘एनकॅन्ड्स’ या बाल-अत्याचाराच्या तक्रारींच्या राष्ट्रीय नोंदींची पुस्तिका मला सर्वांत मोलाची वाटली. येथे एक ओळ म्हणजे एक मूल नव्हे, तर एक मूल आणि त्याच्याविषयी आलेली एक तक्रार अशी जोडी असते. त्यामुळे तेच मूल पुन्हा आले तर ते पुन्हा आल्याचे दिसते. बाल-अत्याचारात दुसरी भेटच बहुधा खरे सांगते, म्हणून ही रचना मला फार पटली. गोपनीयतेची योजनाही तितकीच विचारपूर्वक केलेली आहे. तक्रारीची तारीख महिन्याच्या ८ किंवा २३ तारखेवर सरकवतात आणि चौकशी सुरू झाल्याची तारीखही तेवढ्याच दिवसांनी हलवतात. त्यामुळे मूल ओळखू येत नाही, पण तक्रार आणि चौकशी यांत किती दिवस गेले हे अचूक कळते. ज्या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात) वर्षाला एक हजारापेक्षा कमी नोंदी असतात, तिचे नावही झाकलेले असते. ज्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथे नुसते नाव खोडून भागत नाही हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

उणीव आहे ती वैद्यकीय तपशिलाची. या नोंदी बालसंरक्षण यंत्रणेकडून येतात. त्यांत शारीरिक मारहाण, दुर्लक्ष, लैंगिक अत्याचार असे प्रकार मिळतात, पण वळ, म्हणजे काळानिळा डाग, कानावर होता की नडगीवर, हाडांचे एक्स-रे काढले होते की नाही, हे मिळत नाही. डॉक्टरला तर नेमके तेच हवे असते. चार वर्षांखालील मुलाच्या धडावर, कानावर किंवा मानेवर वळ असला, किंवा चार महिन्यांपर्यंतच्या बाळाच्या अंगावर कुठेही वळ असला, तर सावध व्हावे, हा आज सर्वत्र शिकवला जाणारा नियम आहे. २०२१ मध्ये पाच रुग्णालयांतील वळ असलेल्या २,१६१ मुलांच्या तपासणीतून तो अधिक नेमका झाला. एका रुग्णालयाला एवढी मुले जमवायला किती वर्षे लागली असती, याचा विचार केला की सामाईक नोंदीचे महत्त्व लक्षात येते.

आपल्याकडे पॉक्सो कायद्याने लैंगिक गुन्ह्याची खबर देणे सर्वांना बंधनकारक केले आहे, पण मारहाण झालेले तान्हे बाळ त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही, आणि दिलेली खबर अभ्यासासाठी एकत्र येण्याची व्यवस्थाही नाही.

नोंदवही आखू पाहणाऱ्या प्रत्येक बालरुग्णालयाने या पुस्तिका अवश्य वाचाव्यात; तारखा आणि ओळखी झाकण्याची पद्धत जशीच्या तशी घ्यावी, वैद्यकीय रकाने मात्र आपले आपण आखावेत. आम्ही केलेल्या कच्च्या नमुन्यात बाळाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूची आकृती आहे, दोन्ही कान वेगळे, मोठे काढले आहेत, आणि ‘मूल कूस वळते का’ हा प्रश्न पहिल्याच ओळीत आहे. नीतिमत्ता समितीची मान्यता मिळेपर्यंत तो आमच्याच ओपीडीत वापरून पाहणार आहोत.